चासेन : जपानी चहाची वेळूची रवी

जपान देशांत नारा म्हणून एक जुना प्रांत आहे. त्या प्रांतांतील इकोमा शहराच्या हद्दींत, टेकड्यांच्या कुशींत, ताकायामा नांवाचें एक लहानसें गांव आहे. (गिफू प्रांतांत याच नांवाचें दुसरें मोठें व अधिक प्रसिद्ध गांव आहे, तें निराळें.) या गांवांत सुमारें पांचशें वर्षें मुख्यत्वेंकरून एकच जिन्नस तयार होत आला आहे. तो म्हणजे वेळूचा सुमारें साडेचार इंच लांबीचा व दीड-दोन बोटें जाडीचा तुकडा. त्याचें एक टोंक मुठींत धरण्यासाठीं अखंड ठेवलेलें असतें. दुसरें टोंक चिरून त्याच्या साठ, ऐंशीं, शंभर, प्रसंगीं एकशेंवीस काड्या केलेल्या असतात. आणि विशेष हें कीं, यांतील एकहि काडी बाहेरून आणून बसविलेली नसते. मूठ आणि काड्या मिळून एकच वेळू. या वस्तूस तिकडे 'चासेन' म्हणतात. तिच्या साह्यानें हिरव्या चहाची वस्त्रगाळ पूड, जिला 'माचा' असें नांव आहे, ती ऊन पाण्यांत घुसळून फेंसाळ चहा तयार करितात. खुद्द जपानांत होणाऱ्या चासेनांपैकीं शेंकडा सुमारें नव्वद या एका गांवांत होतात.

आमच्या घरोघरच्या रवीशीं तिचें कूळ जुळतें, पण रीत जुळत नाहीं. आमची रवी लांकडाची, वजनदार, आणि ती दोरीनें अथवा दोन तळहातांमध्यें गरगर फिरवावयाची. चासेन पिसासारखी हलकी, आणि ती फिरवावयाची नसून मनगटाच्या जोरावर मागें-पुढें झपझप हलवावयाची. आमची रवी सासूच्या हातून सुनेच्या व सुनेच्या हातून नातसुनेच्या हातीं जाते. चासेन नित्याच्या वापरांत असली तर कांहीं महिन्यांतच तिच्या काड्या मोडूं लागतात व ती बदलावी लागते. वस्तु झिजते म्हणूनच ताकायामाचा संसार चालतो, हें पुढें येईलच.

शेतकऱ्यांच्या मासिकांत चहाच्या रवीची हकीकत कशाला, असें कोणी विचारील. तर चहाचें पान हें मळ्यांतील पीक, आणि वेळू हें बांधावरचें व डोंगरउताराचें पीक. या दोहोंचें मोल पिकविणाराच्या धीरावर किती अवलंबून असतें, हें दाखविणारें याहून चांगलें उदाहरण मला तरी ठाऊक नाहीं. शिवाय या दोन्ही पिकांवर हल्लीं एकाच वेळीं जी पाळी आली आहे, ती ज्यांच्या बांधावर वेळूचीं बेटें आहेत अशा आपल्या वाचकांनीं जाणून घेण्याजोगी आहे.

पूड पाण्यांत घुसळून चहा पिण्याची चाल मूळची चीनची. सुंग घराण्याच्या राजवटींत ती भरास आली होती, आणि त्या घराण्यांतील ह्वेइत्सुंग बादशहानें इ. स. ११०७ च्या सुमारास चहावर स्वतः ग्रंथ लिहिला, त्यांत वेळूच्या घुसळणीचाहि विचार आहे. एइसाई नांवाचा जपानी बौद्ध भिक्षु चीनमध्यें अध्ययन करून ११९१ सालीं स्वदेशीं परतला, तेव्हां त्यानें चहाचें बीं व ही रीत बरोबर आणली, असें मानितात. पुढें चीनमध्यें मिंग घराण्याच्या पहिल्या बादशहानें १३९१ सालीं वड्यांच्या चहाची खंडणी बंद करून सुट्या पानांची सुरू केली; तेव्हांपासून तिकडे पानें उकळत्या पाण्यांत भिजवून पिण्याचाच प्रघात पडत गेला आणि घुसळणी मागें पडली. जपानांत मात्र ती टिकली, एवढेंच नव्हे तर तिला शास्त्राचें रूप आलें. मुराता जुको (१४२३ ते १५०२) या पुरुषानें भपका टाकून साध्या खोलींत, साध्या भांड्यांनीं चहा देण्याचा परिपाठ घातला. त्याच्या सांगण्यावरून ताकायामाच्या जहागीरदाराच्या धाकट्या मुलानें पहिली चासेन बनविली, अशी त्या गांवची परंपरागत कथा आहे. कथेचा भाग सोडला तरी एवढें खरें कीं, ही विद्या त्या गांवांत घराण्याघराण्यांतून चालत आली आणि बापानें ती एकाच मुलास द्यावी असा कडक नियम पुष्कळ काळ पाळला गेला. जमिनीच्या वाटण्या पाहण्यांत ज्याचें आयुष्य गेलें, त्या माझ्यासारख्यास या नियमाचें मर्म चटकन् कळतें. धंदा वांटला कीं तुकडे पडतात. पण एकाच्याच हातीं ठेवला आणि त्या एकानें पाठ फिरविली, तर तो समूळ जातो. हा दुसरा धोका आज त्या गांवापुढें उभा आहे.

आतां प्रथम चहाच्या पिकाकडे वळूं. झाड आपल्या दार्जिलिंग व आसामकडील चहाचेंच जातभाई. परंतु माचासाठीं लागवडीची तऱ्हा निराळी. वसंत ऋतूंत कोंब फुटूं लागले कीं तोडणीपूर्वीं सुमारें वीस दिवस, उत्तम मालास त्याहूनहि अधिक, मळ्यावर मांडव घालून ऊन अडवितात. पूर्वीं मांडवावर बोरूच्या जातीच्या गवताच्या चट्या अंथरीत आणि दिवस वाढतील तसतसा त्यांवर भाताचा पेंढा पसरून सावली दाट करीत. अजून थोडे शेतकरी तसें करितात. बाकीच्यांनीं काळें जाळीदार कृत्रिम कापड पत्करलें आहे. सावलीचें काय माहात्म्य असतें, हें आपल्या पानमळेवाल्यांस नव्यानें सांगावयास नको. चहाच्या मुळ्यांत थिआनीन नांवाचें एक द्रव्य तयार होऊन पानांत चढतें. त्यामुळें चहाला गोडसर, भरीव चव येते. पानावर ऊन पडलें कीं या द्रव्यापासून कॅटेचीन नांवाचीं तुरट द्रव्यें बनतात. ऊन अडविलें म्हणजे गोडी पानांतच राहते; शिवाय कमी उजेडांत निर्वाह करण्यासाठीं पान पातळ व रुंद होतें आणि हरितद्रव्य वाढवून गर्द हिरवें बनतें. म्हणजे झाडाला जाणूनबुजून थोडी तंगी भोगावयास लावून ही चव मिळवितात. या तंगीनें झाड थकतें, म्हणून उत्तम प्रतीच्या मळ्यांतून वर्षांतून एकच तोडा घेतात आणि मग खतपाणी करून त्यास पुन्हां उभें करितात.

वसंतारंभापासून अठ्ठ्याऐंशींवा दिवस, म्हणजे मे महिन्याचा आरंभ, हा तिकडे चहाच्या तोडणीचा सांगितलेला मुहूर्त. तोडलेलें पान त्याच दिवशीं वाफवितात, म्हणजे तें काळें पडत नाहीं. इतर चहाप्रमाणें तें वळीत नाहींत. तसेंच सुटें वाळवून त्याचे देंठ व शिरा काढून टाकतात. या सुक्या पानास 'तेंचा' म्हणतात. तें दगडी जात्यावर दळलें म्हणजे माचा होते. एका जात्यावर तासाला सुमारें चाळीस ग्रॅम पूड पडते. घाई करून जातें जोरानें फिरविलें तर दगड तापून पुडीचा रंग व वास दोन्ही जातात. हलका माल आतां यंत्रांतहि दळतात, आणि मिठाया व थंड पेयांत घालावयास तो पुरतो. क्योतोजवळचें उजी, आइची प्रांतांतील निशिओ, फुकुओका प्रांतांतील यामे हीं या पिकाचीं जुनीं ठिकाणें. अलीकडे दक्षिणेकडील कागोशिमानेंहि मोठी आघाडी मारली आहे.

अशा जपणुकीनें केलेली पूड पाण्यांत टाकली तर ती विरघळत नाहीं. ती पान आहे, साखर नव्हे. चमच्यानें ढवळलें तर गुठळ्या राहतात आणि तळाशीं गाळ बसतो. ती पाण्यांत सर्वत्र सारखी पसरावी आणि वर बारीक फेंस यावा, यासाठीं चासेन लागते. आणि येथें वेळूचा संबंध येतो.

चासेनसाठीं मुख्यत्वेंकरून 'हाचिकु' नांवाचा वेळू वापरतात. हा पातळ अंगाचा, सरळ व बारीक धाग्याचा असून चिरला असतां रेषेंत फाटतो. आपल्याकडील कळक, मानवेल किंवा कोंकणांतील माणगा बेटानें वाढतात. हाचिकु हळदीच्या गड्ड्याप्रमाणें जमिनींत मुळी पसरीत दूर जातो व एकेक काठी सुटी वर येते, म्हणून त्याचें वन होतें, बेट होत नाहीं. आपला माणगा जवळजवळ भरीव असल्यानें काठ्यांस व मांडवास नामी. पण पोकळ नसल्यामुळें या कामास तो चालणार नाहीं. प्रत्येक वेळूचें काम निराळें असतें, हें बुरडास जितकें कळतें तितकें आम्हां कागदी माणसांस कळत नाहीं.

दोन-तीन वर्षांची काठी निवडून ती हिंवाळ्यांत तोडतात. त्या दिवसांत काठींत पाणी व साखर कमी असते, त्यामुळें तिला भुंगा लागत नाहीं. आपल्याकडेहि वेळू वद्य पक्षांत तोडावा असें जुने लोक सांगतात. चंद्राचा संबंध कितपत आहे हें मी सांगूं शकत नाहीं, पण किडीचें भय दोन्हीकडे एकच. तोडलेली काठी कढत पाण्यांत उकळून तिच्या अंगावर येणारें तेल पुसून काढतात. मग जानेवारी-फेब्रुवारीच्या कडक थंडींत, भात काढून मोकळ्या झालेल्या खाचरांत, काठ्या एकमेकींस टेंकवून शंकूच्या आकारानें उभ्या करितात. या दिवसांत ताकायामाच्या शेतांतून अशा वेळूच्या खोपी जागोजाग दिसतात. थंडीच्या उन्हांत हिरवा रंग उडून काठी हस्तिदंती पांढरी होते. पुढें ती माळ्यावर रचून वर्षभर किंवा अधिकहि मुरूं देतात. या अवधींत ज्यांना भेग पडते, डाग येतो, किंवा ज्या वांकतात, त्या बाजूस काढल्या जातात. म्हणजे आज हातीं येणाऱ्या चासेनसाठीं कोंब फुटल्यास चार-पांच वर्षें सहज झालेलीं असतात.

चहाच्या निरनिराळ्या संप्रदायांच्या आवडीहि निराळ्या आहेत. उरासेन्के संप्रदाय पांढरा वेळू वापरतो, तर ओमोतेसेन्के धुराचा वेळू पसंत करितो. हा धुराचा वेळू म्हणजे जुन्या गवती छपराच्या शेतकरी घरांतून, मधल्या चुलीच्या धुरांत शंभर-दीडशें वर्षें काळा-तांबडा झालेला वांसा. आपल्याकडेहि जुन्या स्वयंपाकघरांतील वांसे असेच होत. घर पाडलें कीं ते बंबांत जात. जपानांत गवती घरेंच कमी होत चालल्यामुळें हा माल दुर्मिळ झाला असून त्याच्या चासेनची किंमत पांढऱ्याहून बरीच अधिक पडते.

आतां कारागिराच्या पाटाशेजारीं बसूं. प्रथम काठीचे गांठीसह लहान तुकडे पाडतात. गांठीच्या वरचा भाग काड्यांकरितां, गांठ व खालचा भाग मुठीकरितां. वरच्या भागाची बाहेरची पातळ साल काढून तो सुरीनें निम्मा, पुन्हां निम्मा, असा चिरीत बहुधा सोळा फांका करितात. प्रत्येक फांक बाहेरच्या बाजूस अलगद वांकवून तिचा आंतला मऊ भाग सालीकडच्या भागापासून वेगळा करितात आणि तो टाकून देतात. सालीकडचा चिवट, पातळ थर तेवढा राहतो. मग एकेका फांकेच्या दहा काड्या करावयाच्या. सोळा दाहे एकशेंसाठ. त्यांतील ऐंशीं जाड काड्या बाहेरच्या फेरीच्या, ऐंशीं बारीक आंतल्या. बाहेरच्या काड्या मोजून चासेनला 'ऐंशींची' असें नांव पडतें. हें सर्व करतांना मोजपट्टी नाहीं, खूण नाहीं. सुरीचें पातें आणि अंगठ्याचा अंदाज.

यानंतरचें काम सर्वांत नाजूक. काड्यांचीं टोंकें ऊन पाण्यांत भिजवून मऊ करितात आणि लांकडी ठोकळ्यावर ठेवून आंतल्या अंगानें, बुडापासून शेंड्याकडे अधिकाधिक पातळ होत जाईल अशा बेतानें तासतात. या क्रियेस तिकडे 'चव तासणें' अशा अर्थाचें नांव आहे. कारण काडीच्या टोंकावरून चहाची चव बदलते, असें ते लोक मानितात. मला प्रथम ही अतिशयोक्ति वाटली. पण विचार करितां त्यांत तथ्य दिसतें : टोंक जाड राहिलें तर फेंस भरड येतो, फार पातळ झालें तर काडीला जोर राहत नाहीं आणि पूड तळाशीं राहते, आणि फेंस जसा, तसा जिभेवरचा कडवटपणा कमी-अधिक लागतो. पुढें बाहेरच्या प्रत्येक काडीच्या दोन्ही कडा सुरीनें मोडतात, म्हणजे चहा काडीला चिकटून राहत नाहीं. ऐंशीं काड्या, प्रत्येकीच्या दोन कडा. मग दोऱ्यानें विणून बाहेरच्या काड्या वर उचलून धरतात व आंतल्या मध्यें गोळा करितात. दोन फेऱ्या निराळ्या झाल्या कीं सर्व काड्यांचें अंतर सारखें करून टोंकांस गोलाई देतात. विणकाम बहुतेक घरांतील स्त्रियांकडे असतें. घुसळणी पातळ चहाची असेल तर काड्या पुष्कळ व बारीक. घट्ट चहा घुसळावयाचा नसून मळावयाचा असतो, म्हणून त्याच्या चासेनला काड्या थोड्या व जाड.

जपान सरकारनें १९७५ सालीं ताकायामाच्या चासेनला परंपरागत हस्तकलेचा दर्जा दिला, आणि कारागिरांची सहकारी संस्थाहि आहे. मानमरातब झाला हें ठीकच. पण शिक्क्यानें वेळू चिरला जात नाहीं. हें काम करणारीं घरें आतां वीसच्या आसपास उरलीं आहेत. हात बसावयास वर्षानुवर्षें लागतात, आणि तोंवर शिकणाऱ्यानें खावें काय, हा प्रश्न तिकडेहि आपल्याकडच्यासारखाच आहे. शिवाय चीनमध्यें तयार होणाऱ्या स्वस्त चासेनी सर्व जगभर विकल्या जातात, खुद्द जपानांतहि. त्या सर्वच वाईट असतात असें मी म्हणणार नाहीं; पण पुष्कळांच्या काड्या जाड व ठिसूळ असतात आणि महिन्या-दोन महिन्यांत गळूं लागतात. उपाहारगृहांतून तर विजेवर फिरणारी तारेची घुसळणी आली आहे.

दुसऱ्या बाजूला माचाची मागणी गेल्या कांहीं वर्षांत अशी कांहीं उसळली आहे कीं, २०२४ च्या शरद ऋतूंत क्योतोकडील जुन्या नामांकित पेढ्यांना गिऱ्हाइकागणिक डबे मोजून देण्याची पाळी आली. जपानांतील तेंचाचें उत्पन्न २०१० पासून २०२३ पर्यंत जवळजवळ तिप्पट होऊन चार हजार टनांवर गेलें, तरीहि तें पुरत नाहीं. २०२४ च्या उन्हाळ्यांतील कडाक्याच्या उष्म्यानें झाडें खचलीं, त्यामुळें पुढच्या वसंतांत क्योतोकडे पीक कमी उतरलें, आणि २०२५ च्या लिलावांत तेथील तेंचाचा सरासरी भाव किलोस आठ हजार येनवर, म्हणजे आदल्या वर्षाच्या दीडपटीहूनहि वर चढला. भाव चढला म्हणजे लागवड वाढावी, हें सोपें वाटतें. पण नवें झाड पुरतें तोडणीस यावयास पांच वर्षें लागतात, मांडवाला माणसें लागतात, आणि तिकडील शेतकरी वृद्ध होत चालले आहेत. पांच वर्षांनीं हीच मागणी राहील असें कोणी लिहून देत नाहीं. कांद्याचे भाव पाहून कांदा लावणाऱ्यांस हें अधिक समजावून सांगावयाचें कारण नाहीं.

चहाच्या मागणीबरोबर चासेनची मागणीहि वाढली. आणि नेमक्या याच वेळीं वेळूनें फुलोरा धरला.

हाचिकु सुमारें एकशेंवीस वर्षांनीं एकदां फुलतो. मागचा मोठा फुलोरा १९०८ च्या आगेंमागें होऊन गेला. म्हणजे आज जे त्याचें लांकूड चिरीत आहेत त्यांतील कोणीहि तो पाहिलेला नाहीं. अलीकडे जपानांत ठिकठिकाणीं हाचिकु फुलूं लागला आहे. हिरोशिमा विश्वविद्यालयाच्या संशोधकांनीं २०२० सालीं फुललेल्या एका वनाची पाहणी करून २०२३ सालीं तिचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्या वनांतील सुमारें शेंकडा ऐंशीं काठ्यांना फुलें आलीं, पण रुजण्याजोगें बीं एकहि मिळालें नाहीं. फुललेल्या काठ्या वाळल्या, आणि पुढील तीन वर्षांत नवी काठी उभी राहिल्याचें दिसलें नाहीं. वेळूच्या फुलोऱ्याची धास्ती आपल्या देशासहि नवी नाहीं. मिझोराममध्यें सुमारें अठ्ठेचाळीस वर्षांनीं फुलणारी एक जात आहे. १९५८-५९ मध्यें आणि पुन्हां २००६ ते २००८ च्या दरम्यान ती फुलली, तेव्हां तिचें बीं खाऊन माजलेल्या उंदरांनीं शेतें फस्त केलीं, आणि पहिल्या वेळीं तर दुष्काळच पडला. तिकडे बियांच्या सुकाळानें घात केला. हाचिकुची अडचण उलट, कीं बींच धरत नाहीं. तरीहि मागील फुलोऱ्यानंतर हीं वनें केव्हां तरी पुन्हां उभीं राहिलीं हें उघड आहे, नाहींतर आज तोडावयास कांहींच नसतें. जमिनीखालची मुळी जिवंत राहून हळूहळू फुटली असावी असा तर्क आहे. किती वर्षें लागलीं, यावर कारागिरांचें भवितव्य आहे. तोंवर माळ्यावरच्या साठ्यावर आणि न फुललेल्या वनांवर भिस्त.

ज्यांच्या बांधावर वेळूचीं बेटें आहेत त्यांनीं यांतून एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. एकाच मुळापासून फोड काढून सर्व गांवानें लावलेलीं बेटें वयानें एकच असतात, आणि फुलावयाचीं तेव्हां बरोबरच फुलतात. रोप घेतांना तें कोठल्या बेटाचें व तें बेट केव्हां फुललें होतें याची विचारपूस करावी, व शक्य तर दोन-तीन ठिकाणचें बेणें आणावें. शेतांतील वेळूवर आतां वनखात्याचा जाच राहिलेला नाहीं; १९२७ च्या वन कायद्यांत वेळू झाडांत मोडत असे, तो शब्द २०१७ च्या दुरुस्तीनें निघाला. त्यामुळें पुष्कळ जण नवीन लागवड करीत आहेत, म्हणूनच हें लिहिलें.

असो. आतां चहाची कृति सांगतों. माझा पुतण्या नोकरीनिमित्त ओसाका येथें राहतो. त्यानें दिलेली ऐंशीं काड्यांची चासेन व पुडीचा लहान डबा यांवर मी गेल्या हिंवाळ्यांत हें पुष्कळदां करून पाहिलें आहे.

वाडगा रुंद बुडाचा व मातीचा असावा. पेला उपयोगी नाहीं, हात फिरावयास जागा हवी. प्रथम वाडग्यांत ऊन पाणी घालून त्यांत चासेन थोडा वेळ बुडवून ठेवावी. कोरडी काडी ठिसूळ असते. भिजली म्हणजे लवते. याच वेळीं चासेन उचलून एखादी काडी मोडली तर नाहीं ना, हें पाहून घ्यावें. पाणी टाकून वाडगा फडक्यानें कोरडा करावा. पूड बारीक चाळणींतून चाळून दोन ग्रॅमच्या आंतबाहेर घ्यावी. त्यांच्या वेळूच्या पळीनें दोन पळ्या होतात. पाणी उकळून दुसऱ्या भांड्यांत ओतावें म्हणजे कढ उतरतो. सत्तर ते ऐंशीं अंशांचें पाणी पुरें. उकळतें घातलें तर कडूपणा वर येतो. असें पाणी सुमारें सत्तर मिलिलिटर, म्हणजे अर्ध्या कपाहून कमीच, घालावें.

डाव्या हातानें वाडगा धरून उजव्या हाताचा अंगठा व दोन बोटें यांत चासेन उभी धरावी. सुरुवातीस तळाची पूड हळूंच मोकळी करावी. मग टोंकें तळाला न घासतील इतकी वर उचलून, दंड स्थिर ठेवून, केवळ मनगटानें मागें-पुढें वेगानें हलवावी. पंधरा-वीस सेकंदांत पाण्याचा खळखळाट मंद होत जातो. आवाज बदलला कीं फेंस धरला असें समजावें. मग टोंकें पृष्ठभागावर आणून सावकाश हलवीत मोठे बुडबुडे मोडावे व मध्यावरून चासेन सरळ वर उचलावी. उरासेन्के संप्रदायाचे लोक सबंध वाडग्यावर फेंस आणतात. ओमोतेसेन्केचे थोडी जागा अर्धचंद्रासारखी उघडी राखतात. आपण आपल्या सोयीनें करावें.

चहाआधीं कांहीं गोड खाण्याची तिकडे चाल आहे. मी गुळाचा खडा खातों, तोहि छान जमतो. दूध-साखरेच्या चहावर वाढलेल्या माणसास पहिला घोट कोंवळ्या पाल्याच्या रसासारखा लागेल. दुसऱ्या-तिसऱ्या घोटाला कडवटपणाच्या मागून एक गोडवा येतो, आणि तो बराच वेळ जिभेवर राहतो. मला पिण्याहूनहि घुसळणें अधिक आवडूं लागलें आहे, हें खरें सांगावयास हरकत नाहीं. पहाटे घरांत कोणी उठलेलें नसतें, हातांत वाडग्याची ऊब असते, आणि काळपट हिरव्या पाण्याचा पोपटी फेंस डोळ्यांसमोर होतो. त्या अर्ध्या मिनिटांत दुसरें कांहीं सुचत नाहीं.

चहा झाल्यावर चासेन लगेच नुसत्या ऊन पाण्यांत घुसळून धुवावी. साबण, राख, घासणी कांहीं लावूं नये. काड्या बोटांनीं हलक्या हातें सारख्या करून ती सावलींत, वारा लागेल अशी, ठेवावी. तिच्या आकाराचा चिनी मातीचा ठोकळा मिळतो, त्यावर ठेविल्यास आकार राहतो. ओली असतां डब्यांत बंद केली तर बुरशी धरते, आणि आपल्या पावसाळ्यांत तर दोन दिवसांत धरते. आंतल्या काड्या प्रथम सरळ होतात, मग बाहेरच्यांचीं टोंकें तुटूं लागतात. पांच-सात तुटल्या कीं ती टाकून नवी घ्यावी, कारण तुटकें टोंक चहांत येतें. तिकडे अशा निकामी चासेनी कचऱ्यांत टाकीत नाहींत. कित्येक देवळांतून वर्षांतून एकदां त्या गोळा करून, त्यांचे उपकार स्मरून, अग्नीस देतात.